गोव्याच्या नदीकाठी फ्लाय-फिशिंगचा क्लब कसा चालवावा

गरी घेऊन बांधावर बसलेला माणूस गोव्यात कोणाला नवा नाही. पागेर (हातजाळे) फेकणारे, खुटावणी (खांबांना बांधलेले जाळे) लावणारे आणि पुलाच्या कठड्याला टेकून तासन् तास दोर धरून उभे राहणारे लोक मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल, साळ अशा सगळ्याच नद्यांवर दिसतात. नवी आहे ती फ्लाय-फिशिंगची पद्धत, आणि तिच्याभोवती माणसे जमवून चालवायचा क्लब. आमचा फोंडा तालुक्यातला लहानसा गट काही वर्षे असा क्लब चालवीत आहे, आणि ज्यांना आपल्या गावाजवळ तसेच काही सुरू करायचे आहे त्यांच्यासाठी हे टिपण लिहिले आहे. मासा कसा पकडावा यापेक्षा क्लब कसा टिकवावा यावर त्यात अधिक भर आहे. आमच्या पाहण्यात असे गट मासे न मिळाल्यामुळे मोडत नाहीत. नदीवर आधीपासून असलेल्या माणसांशी बिनसल्यामुळे आणि भरती-ओहोटी न पाहता नुसता रविवार पाहून सहली ठरवल्यामुळे मोडतात.

पद्धतीतला फरक आधी स्पष्ट असावा, कारण नवा सदस्य पहिल्या दिवशी तोच विचारतो. नेहमीच्या गरीला शिसे बांधलेले असते आणि ते पुढे जाताना बारीक दोराला आपल्यामागे ओढून नेते. फ्लाय म्हणजे पिसे, केस आणि धागा गळावर गुंडाळून केलेले आमिष. त्याला नाव घेण्याजोगे वजन नसते. म्हणून येथे वजन लाइनीतच भरलेले असते. रॉडच्या लवचीकपणाचा उपयोग करून ती जाड लाइन हवेत मागे-पुढे उलगडत फेकली की टोकाची फ्लाय तिच्याबरोबर जाते. लाइनीच्या वजनाला क्रमांक दिलेले असतात, आणि रॉड व रीळ त्याच क्रमांकाचे घ्यावे लागतात. हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउटसाठी चार-पाच क्रमांकाचा नाजूक संच पुरतो. आमच्या नद्यांत ट्राउट नाही. येथे वारा आहे, खारे पाणी आहे आणि चोणक आहे, ज्याला रायगडकडे जिताडा म्हणतात. त्यामुळे गोव्यासाठी आठ क्रमांकाचा, नऊ फुटी रॉडचा संच योग्य ठरतो. आठ क्रमांकाच्या लाइनीच्या पहिल्या 30 फुटांचे प्रमाणित वजन 210 ग्रेन, म्हणजे सुमारे साडेतेरा ग्रॅम असते, आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात फ्लाय पुढे नेण्यासाठी एवढे वजन आवश्यकच असते.

माणसे, वर्गणी आणि सामाईक सामान

सुरुवात सात ते दहा जणांनी करावी. 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायची झाल्यास किमान सात सदस्य लागतात, हे एक कारण. दुसरे असे की पंधराहून अधिक माणसे एका बांधावर रॉड घेऊन उभी राहूच शकत नाहीत, कारण प्रत्येकाच्या पाठीमागे तीस-चाळीस फूट मोकळी जागा लागते. नोंदणीची मात्र घाई करू नये. पहिले वर्षभर हिशेबाची एक वही, एक खजिनदार आणि महिन्यातून एक ठरलेली बैठक एवढे चालले, तर दुसऱ्या वर्षी घटना, कार्यकारिणी, बँकेचे खाते वगैरे करावे. आधी लेटरहेड छापून मग सदस्य शोधणाऱ्या संस्था आपल्याकडे पुष्कळ आहेत.

आमच्याकडे वर्गणी महिना 200 रुपये आहे आणि ती जवळजवळ सगळी सामाईक सामानावर खर्च होते. आठ क्रमांकाचे तीन पूर्ण संच, फ्लाय बांधण्याचे दोन शिकंजे, पक्कड, प्रथमोपचाराची पेटी आणि गोड्या पाण्याचे दोन कॅन ही क्लबची मालमत्ता. नव्या सदस्याने पहिले सहा महिने स्वतःचे काहीही विकत घेऊ नये, असा नियम आम्ही मुद्दाम केला आहे. उत्साहाच्या भरात महागडा रॉड घेतलेला माणूस दोन रविवारी मासा न लागल्यास तो रॉड माळ्यावर टाकतो, आणि त्याबरोबर क्लबही सोडतो.

इंग्लंडमधल्या टेस्ट नदीवरचा हॉटन क्लब 1822 मध्ये स्थापन झाला आणि अजून चालू आहे. त्याच्याकडून शिकण्यासारखे बरेच असले तरी एका बाबतीत त्याची नक्कल करता येत नाही. त्या क्लबाकडे नदीचा पट्टा स्वतःच्या हक्काचा आहे. आपल्याला मात्र नदी कोणाची, हे विचारण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

नदी कोणाची, हे आधी विचारावे

बाहेरून आलेल्याला गोव्यातला नदीकाठ मोकळा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या वीत-वीत भागावर कोणाचा ना कोणाचा हक्क, वहिवाट किंवा निदान सवय असते. खारट पाणी अडवून शेतीखाली आणलेली खाजने, त्यांचे बांध आणि बांधात बसवलेली मानस, ही व्यवस्था कित्येक शतकांची आहे. मानशीची लाकडी दारे पाण्याच्या दाबानेच चालतात: भरतीला बाहेरचे पाणी त्यांना मिटवते आणि ओहोटीला आतले पाणी त्यांना उघडते. ओहोटीला खाजनातले पाणी मानशीतून जोराने बाहेर पडते, त्याबरोबर सुंगटे (कोळंबी) आणि बारीक नुस्ते (मासळी) वाहत येते, आणि ते खायला चोणक व तांबोशी दाराच्या तोंडाशी येऊन थांबतात. फ्लाय टाकायला याहून चांगली जागा सापडणे कठीण.

अडचण नेमकी येथेच आहे. मानशीवर मासे मारण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि ज्याने पावणी घेतली त्याने त्यासाठी रोख पैसे मोजलेले असतात. तो ओहोटीला मानशीच्या तोंडावर जाळे लावतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, म्हणजे पाण्याला सर्वांत जास्त ओढ असताना, त्याची खरी कमाई होते. आपल्यालाही तेच दिवस आणि तीच जागा हवीशी वाटते.

आमच्या पहिल्या सहलीत आम्ही हे काहीही न विचारता एका मानशीजवळ पाच जण उभे राहिलो होतो. तासाभराने पावणीवाला आला. तो रागावला नाही, हेच अधिक लागले. त्याने शांतपणे विचारले, की तुमच्या घरच्या माडाचे नारळ मी असेच न विचारता पाडले तर चालेल का. आम्ही सामान आवरले. पुढच्या आठवड्यात आमच्यातला त्याच गावचा एक सदस्य दोघांना घेऊन त्याच्या घरी गेला, आणि त्या भेटीतून जे ठरले ते आजपर्यंत पाळले जाते. उधाणाच्या चार दिवसांत मानशीकडे फिरकायचे नाही. एरवी मानशीपासून निदान शंभर पावले दूर उभे राहायचे. त्याच्या जाळ्यात आमचा गळ अडकून ते फाटले तर दुरुस्तीचा खर्च क्लबाने द्यायचा.

म्हणून नव्या जागेवर पहिली भेट रॉडशिवाय द्यावी. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी दोघांनीच जावे, आणि शक्यतो त्यांतला एक त्या गावचा किंवा त्या गावात सोयरीक असलेला असावा. मानस कोणाच्या ताब्यात आहे, पावणी कोणाकडे आहे, खुटावणीचे खांब कुठे आहेत, जाळी कोणत्या तिथींना लागतात आणि बांधावरून चालण्यास कोणाची हरकत आहे काय, एवढे विचारून घ्यावे. बांधाची देखभाल बहुधा कुळांच्या संघटनेकडे असते, काही गावांत कोमुनिदादीचाही, म्हणजे जमिनी सामाईक मालकीने सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेचाही, संबंध येतो. तेव्हा ज्याला विचारले त्याच्याच तोंडून आणखी कोणाला विचारायला हवे ते समजून घ्यावे. मिळालेली उत्तरे नोंदवहीत त्या जागेच्या नावाखाली लिहून ठेवावीत, कारण पदाधिकारी बदलतात आणि तोंडी कबुलात त्यांच्याबरोबर नाहीशी होते.

जेथे विचारण्याचा प्रश्नच येत नाही अशा जागाही आहेत. चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आणि म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव यांसारखी वन्यजीव अभयारण्ये आपल्या यादीतून सरळ वगळावीत. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, त्यामुळे नोव्हेंबरपासून उन्हाळा सुरू होईपर्यंत तेथे रात्री दिवे घेऊन फिरू नये. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक होड्यांच्या मासेमारीवर बंदी असते. काठावरून रॉड टाकणाऱ्याला ती लागू होत नसली, तरी क्लबाने त्या दोन महिन्यांत होडी भाड्याने घेण्याचा विचार करू नये. ज्यांच्या होड्या धक्क्याला बांधलेल्या आहेत त्यांच्यासमोरून आपण हौसेसाठी नदीत जाणे शोभत नाही.

सहलीचा दिवस तिथीवरून ठरवावा

रविवार सोयीचा असतो, पण प्रत्येक रविवार उपयोगाचा नसतो. गोव्यात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात सगळीकडे सांगितला जाणारा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. या हिशेबावर घर सोडू नये. मुरगाव बंदराचे छापील वेळापत्रक पाहावे. परंतु महिनाभराचे नियोजन करताना भिंतीवरचे कॅलेंडर आणि हा पाऊणपटीचा हिशेब एवढ्यावर कोणताही सदस्य दिवस सुचवू शकतो, आणि बैठकीत त्याचा फार उपयोग होतो.

काठावरून फ्लाय टाकणाऱ्याला ओहोटीचे मधले तीन तास सर्वांत उपयोगी पडतात, कारण तेव्हा तिवरांच्या मुळांतले आणि ओहोळांतले पाणी खाली उतरते आणि बारीक नुस्त्याला आडोसा सोडून बाहेर यावे लागते. सकाळच्या सहलीसाठी सप्तमी ते दशमीच्या आसपासचा रविवार घ्यावा. पूर्ण भरती पहाटे ते साडेसातच्या दरम्यान येते आणि पुढे दुपारपर्यंत पाणी उतरत राहते. हे दिवस भांगाचे असल्यामुळे पाण्याची ओढ बेताची असते, पण नव्या सदस्यांना तीच बरी. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटीचा शेवट संध्याकाळी पाचच्या सुमारास येतो. पाणी जोरात वाहते, गढूळ असते, आणि अनुभवी सदस्यांनी दूरच्या, मानस नसलेल्या जागा त्या दिवसांसाठी राखून ठेवाव्यात.

मुरगावची वेळ नदीच्या आतल्या भागाला जशीच्या तशी लागू होत नाही. मांडवीत भरतीचे पाणी पार गांज्यापर्यंत चढते, आणि जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोचते. प्रत्येक जागेचा उशीर किती, हे क्लबाने स्वतः मोजावे. बांधाच्या दगडावर खूण करून एक सकाळ पाण्याकडे पाहत बसले की ते कळते. आमच्या एका सदस्याने हे काम निवृत्तीनंतर अंगावर घेतले, आणि क्लबातला तो एकमेव माणूस आहे ज्याच्याजवळ रॉड नाही.

वर्षाचे वेळापत्रकही याच पद्धतीने आपोआप ठरते. ऑक्टोबरात पाऊस ओसरून पाणी निवळू लागते तेव्हापासून मेच्या मध्यापर्यंत नदीवरच्या सहली; जून ते सप्टेंबर फ्लाय बांधण्याच्या बैठका आणि मैदानावरचे वर्ग. श्रावणात आमचे निम्मे सदस्य नुस्त्याला शिवत नाहीत आणि चतुर्थीपर्यंत ते तसेच चालते, तर ख्रिस्ती सदस्यांचे व्रताचे दिवस ईस्टरपूर्वी येतात. या दिवसांत सहल ठेवून कोणाला अवघडवण्यापेक्षा दोन्ही काळांत आत बसून करायची कामे ठेवावीत.

मैदानावरचा वर्ग

नव्या सदस्याला पहिले चार वर्ग नदीवर नेऊ नये. गोव्यात प्रत्येक गावाला फुटबॉलचे मैदान असते, आणि मुले खेळायला येण्याआधीची सकाळ त्यासाठी उत्तम. गळाऐवजी लीडरच्या, म्हणजे लाइनीपुढे जोडलेल्या बारीक दोऱ्याच्या, टोकाला भडक रंगाच्या लोकरीचा गोंडा बांधावा. सुमारे तीस फूट लाइन समोर गवतावर सरळ पसरावी, रॉडचे टोक जमिनीजवळ असावे आणि अंगठा मुठीच्या वरच्या बाजूला असावा. तेथून रॉड सावकाश उचलायला सुरुवात करून वेग वाढवत न्यावा आणि डोक्यामागे, घड्याळाचा काटा एकावर असतो तितक्या अंशात येताच एकदम थांबवावा. हे थांबणे हाच कास्टिंगचा गाभा आहे. रॉड थांबला की लाइन त्याच्यावरून पुढे उलगडत जाते. रॉड थांबलाच नाही तर लाइनीला जायला दिशा राहत नाही आणि ती ढीग होऊन पडते. लाइन पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे, मग तशीच वाढती गती देऊन पुढे आणावे आणि दहाच्या काट्यावर पुन्हा थांबवावे.

जवळजवळ प्रत्येक जण दोन चुका करतो. पहिली म्हणजे मागे जाताना मनगट मोडते, रॉड जमिनीकडे झुकतो आणि लाइन गवतात घुसते. यावर साधा उपाय असा, की रॉडच्या मुठीचे खालचे टोक हातरुमालाने मनगटाच्या वरच्या भागाशी सैल बांधावे. मनगट वळले की रुमाल ताणला जातो आणि चूक ज्याची त्याला कळते. दुसरी चूक घाईची. मागची लाइन उलगडण्याआधीच हात पुढे येतो आणि चाबूक ओढल्यासारखा आवाज होतो. खऱ्या नदीवर त्या आवाजाबरोबर फ्लाय तुटून गेलेली असते. शिकणाऱ्याने मान वळवून मागची लाइन डोळ्यांनी पाहावी. सुरुवातीला हे अवघड वाटते, परंतु दोन वर्गांत हाताला वेळ समजू लागते.

लांब फेकण्याची स्पर्धा लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ऐंशी फूट फेकणारा सदस्य पाहायला छान वाटतो. मासे मात्र चाळीस फुटांवर, तिवराच्या सावलीत हातभर जागेत फ्लाय टाकणाऱ्यालाच अधिक लागतात. मैदानावर सायकलचे जुने टायर तीस, चाळीस आणि पन्नास फुटांवर ठेवून त्यांत गोंडा टाकण्याचा सराव द्यावा. डाव्या हाताने लाइनीला झटका देऊन तिची गती वाढवणारी 'डबल हॉल' ही क्रिया वाऱ्यात उपयोगी पडते, पण ती पाचव्या-सहाव्या वर्गाच्या आधी दाखवू नये.

गरी टाकण्याची लहानपणापासून सवय असलेल्यांना एक गोष्ट मोडून शिकवावी लागते. मासा ओढ देताच रॉड वर उचलण्याची त्यांच्या हाताची सवय असते. फ्लायवर चोणक आला असता रॉड वर गेला, तर गळ त्याच्या तोंडातून निसटतो. रॉड पाण्याच्या रोखाने सरळ ठेवून डाव्या हाताने लाइन मागे ओढावी, गळ घट्ट रुतल्याचे जाणवले की मगच रॉड उचलावा. मैदानावर एकाने गोंडा हातात धरून अवचित ओढायचा आणि दुसऱ्याने हा प्रतिसाद द्यायचा, असा खेळ ठेवल्यास मुलेही आनंदाने शिकतात.

पावसाळ्यातल्या बैठका

क्लब खऱ्या अर्थाने जमतो तो फ्लाय बांधण्याच्या टेबलाभोवती. बाहेर पाऊस कोसळत असतो, चहा आणि भजी आलेली असतात, आणि नदीवर एकमेकांपासून साठ फुटांवर उभी राहणारी माणसे येथे कोपराला कोपर लावून बसतात. दर पंधरवड्याला एकाच प्रकारची फ्लाय घ्यावी आणि प्रत्येकाने तीच सहा वेळा बांधावी. सहावी पहिलीपेक्षा हमखास बरी होते.

आमच्या पाण्यासाठी दोन प्रकार पुरे आहेत. बॉब क्लाउझर यांनी 1980 च्या दशकात तयार केलेली 'क्लाउझर मिनो' ही पहिली. तिच्या दांडीवर डंबेलच्या आकाराचे धातूचे डोळे बांधलेले असतात, त्यामुळे ती पाण्यात उलटी होऊन गळाचे टोक वर ठेवून चालते, आणि कालवे चिकटलेल्या दगडांत कमी अडकते. लेफ्टी क्रे यांची 'डिसीव्हर' ही दुसरी. शेपटीकडे कोंबड्याची लांब पिसे आणि पुढे केसांचा झुपका यांमुळे ती लहान माशासारखी दिसते. दोन्हींसाठी 1/0 आकाराचा, न गंजणारा गळ घ्यावा. निवळ पाण्यात पांढरा आणि फिकट तपकिरी रंग, गढुळात पोपटी किंवा काळा, इतके रंगांचे ज्ञान पहिल्या दोन वर्षांना पुरते. पिसे कोंबडीच्या दुकानातून मिळतात, बकऱ्याचे केस धुऊन वाळवून चालतात, आणि चतुर्थीच्या मखरातली उरलेली चमकी तर फारच उपयोगी पडते. रानपक्ष्यांची पिसे मात्र, कोणी कितीही कौतुकाने आणून दिली तरी, टेबलावर येऊ देऊ नयेत.

लीडर साधारण नऊ फुटांचा ठेवावा आणि त्याच्या शेवटी फ्लुरोकार्बनच्या 40 पौंडी जाड दोऱ्याचा दीड फूट तुकडा बांधावा. चोणकाच्या कल्ल्यावरचे झाकण सुरीसारखे धारदार असते आणि बारीक दोरा ते सहज कापते. गाठींचा सराव घरी करायला सांगावा, त्यासाठी बैठकीचा वेळ घालवू नये.

नदीवर असताना

प्रत्येक सहलीला एक जबाबदार सदस्य नेमावा आणि त्या दिवशी त्याने स्वतः मासेमारी करू नये. दोघा-दोघांच्या जोड्या कराव्यात, एक अनुभवी आणि एक नवा. टोपी आणि चष्मा यांशिवाय कोणालाही रॉड देऊ नये, कारण वाऱ्यात गळ कुठे फिरेल हे सांगता येत नाही. उजव्या हाताने फेकणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर वारा येत असेल तर लाइन त्याच्याच अंगावर येते. अशा वेळी जागा बदलावी. प्रत्येक गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला असावा. असा गळ मासा सोडताना सोयीचा ठरतो आणि माणसाच्या बोटात रुतला तरी सहज निघतो. डोळ्याजवळ रुतल्यास मात्र हात न लावता सरळ दवाखाना गाठावा.

रॉड कार्बनचा असतो आणि कार्बन वीज वाहून नेतो. काठावरून विजेच्या तारा गेल्या असतील तेथे उभे राहू नये, आणि एप्रिल-मे व ऑक्टोबरातल्या दुपारी पहिला गडगडाट ऐकताच रॉड खाली ठेवावेत. पाण्यात उतरायचे असल्यास जाड तळव्याचे बूट हवेत, कारण कालवांनी कापलेली जखम लवकर भरत नाही. पाय उचलून न टाकता तळावरून घासत न्यावा, म्हणजे वाळूत दडलेली वागळी आधीच सरकते. तिचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात जखम बुडवून ठेवल्याने वेदना उतरते; त्यानंतर डॉक्टरांकडे न्यावे, आणि प्रकृती बिघडल्यास 108 ला फोन करावा. कुंभारजुव्याच्या कालव्यात आणि त्याला लागलेल्या खाजनांत मगरी आहेत. तेथे पाण्यात पाय घालायचा नाही, एवढाच नियम. त्या भागातले शेतकरी पौष अमावास्येला चिखलाची मगर करून 'मानगे थापनी' करतात आणि मगरीचा मान ठेवतात. तो मान आपण बांधावर राहून ठेवावा.

लागलेला मासा सोडावा की ठेवावा, यावर प्रत्येक क्लबात वाद होतो. ज्या भागात शीत-कडीवाचून, म्हणजे भात आणि माशाच्या आमटीवाचून, जेवण होत नाही तेथे सगळेच सोडून द्या, असे सांगणारा क्लब आठवडाभरात विनोदाचा विषय होतो. बांधावरच्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हाला विचारलेच होते, "सोडपाचोच जाल्यार धरता कित्याक?" आम्ही त्यांना चोणकाचे सांगितले. हा मासा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. म्हणजे मोठे चोणक बहुतेक सगळे माद्याच. पावसाळ्याच्या सुमारास ते नदीच्या मुखाकडे जाऊन अंडी घालतात आणि पिल्ले खाजनांतल्या उथळ पाण्यात वाढतात. त्यामुळे आमचा नियम असा आहे: हातभराहून मोठा चोणक परत जातो, मधल्या आकाराचा एखादा ज्याला हवा त्याने घरी न्यावा, आणि तांबोशी लहान असेल तर सोडावीच, कारण ती वाढल्यावरच समुद्रातल्या खडकांकडे जाते. त्या गृहस्थांना हे पटले असावे. निदान त्यांनी, मानशीतली पिल्ले आपले वडीलही सोडून देत असत, असे सांगितले.

सोडायचा मासा कोरड्या हाताने किंवा वाळूवर ठेवून हाताळू नये. हात ओले करून, शक्यतो मासा पाण्यातच ठेवून गळ काढावा. फोटो काढायचा तर आपण श्वास रोखून धरू शकतो तेवढ्याच वेळात काढावा, आणि मोठ्या चोणकाला जबड्याने उभा लटकवू नये, दोन्ही हातांनी आडवा धरावा. नंतर प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः शेपूट हलवेपर्यंत आधार द्यावा.

परतण्याआधी तुटलेला दोरा, मग तो आपला असो की दुसऱ्याचा, गोळा करून आणावा. तिवरांत अडकलेल्या नायलॉनमध्ये बगळे गुंततात. घरी पोचताच रॉड, रीळ आणि लाइन गोड्या पाण्याने धुवावीत. एक रात्र खारे पाणी रिळात राहिले तर दुसऱ्या महिन्यात ते फिरेनासे होते, आणि सामाईक रिळाच्या बाबतीत ते कोणाकडून राहिले हे कधीच सिद्ध होत नाही. म्हणून सामान नेणाऱ्याची सही आणि धुऊन परत केल्याची सही, अशा दोन सह्या नोंदवहीत घ्याव्यात.

त्याच नोंदवहीत सहलीचेही पान असावे. तारीख, तिथी, भरतीची वेळ, पाण्याचा रंग, वारा, किती जण, कोणती फ्लाय, कोणता मासा, अंदाजे लांबी, सोडला की ठेवला. काही लागले नाही त्या दिवसाचेही पान भरावे, कारण पुढच्या वर्षी त्या तिथीला कुठे जाऊ नये हे त्यावरूनच कळते. मेच्या शेवटी सगळे सामान धुऊन, वाळवून, लाइनी सैल गुंडाळ्यांत टांगून ठेवाव्यात, आणि वहीतल्या प्रत्येक जागेच्या पावणीवाल्याकडे जाऊन येत्या वर्षी मानस कोणाकडे असणार आहे ते विचारून यावे.